खाडीने परत घेतलेलं शेत

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आत्याला घेऊन ऐरोलीच्या फ्लेमिंगो बोटीत बसले होते. आत्याला पक्ष्यांचं फारसं कौतुक नाही. तिला नुसतं खाडीत जायचं होतं. गुडघे गेल्यापासून तिने खाडीचं पाणी लांबूनच बघितलं होतं, वाशीच्या पुलावरून, रिक्षातून. बोट वाशीच्या दिशेने निघाली, तसा डाव्या हाताला घणसोलीचा किनारा सरकायला लागला. किनारा म्हणजे दाट तिवरं, खाऱ्या चिखलात वाढणारी कांदळवनाची झाडं. त्यांच्या डोक्यावरून मागच्या टॉवरांचे वरचे मजले तेवढे डोकावत होते. समोरच्या बाकावर मुलुंडचे एक गृहस्थ होते, गळ्यात हातभर लांब भिंगाचा कॅमेरा, शेजारी दहा-बारा वर्षांचा मुलगा. माणूस भला होता, आत्याला टेकायला जागा त्यांनीच करून दिली होती. ते मुलाला सांगत होते, "बघ, एवढ्या मोठ्या शहराच्या मधोमध हे जंगल जसंच्या तसं राहिलंय. माणसाचा हात लागलेला नाही." आत्या त्यांच्याकडे न बघताच म्हणाली, "यो आमचा शेत व्हता."

गृहस्थ हसले. म्हातारी गंमत करतेय असं त्यांना वाटलं असावं. तेवढ्यात कोणीतरी "ते बघा, ते बघा" केलं आणि अख्खी बोट उजवीकडे कलली. लांब चिखलावर गुलाबी रांग दिसत होती. सगळे कॅमेरे तिकडे वळले. आत्या एकटी डावीकडे बघत बसली आणि मी कधी इकडे, कधी तिकडे. घरी आल्यावर फोटो चाळताना लक्षात आलं की माझ्या डोक्यात पक्षी नव्हतेच. त्या गृहस्थांचं वाक्य आणि आत्याचं वाक्य, दोन्ही एकाच जागेबद्दल होती, आणि मला दोन्हींपैकी एकही पूर्ण खोडता येत नव्हतं.

शेत मी पाहिलेलं नाही. ऐकलंय मात्र इतकं की पाहिल्यासारखंच. गावाच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला, मातीचा बाहेरकाठा. त्याचा चिखल खाडीतूनच काढायचा, ओहोटीच्या वेळी, पावसाळ्याच्या कितीतरी आधी, आणि बांधावर थापायचा. घरटी एक माणूस जायलाच पाहिजे, नाही गेला तर गावकी बोलणार. बांधाच्या बाहेर तिवरांची एक पट्टी मुद्दाम राखलेली असायची. तिला कोयता लावायचा नाही, कारण लाटेचा मार आधी तिने खायचा आणि मग उरलेला बांधाने. आतली तिवरं मात्र पिढ्यांपूर्वीच कोणीतरी तोडून, खणून काढली असणार. नाहीतर शेत आलंच कुठून? आजोबांच्या आजोबांनी समुद्राकडून घेतलेली जमीन होती ती, कोणी दान दिलेली नव्हे.

त्या बांधातली सगळ्यात नाजूक जागा म्हणजे उघाडी. लाकडी झडप, बाहेरच्या बाजूने बसवलेली. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने ती घट्ट मिटायची, आणि ओहोटीला आत साचलेलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडायचं. झडपेच्या कडेला एक काडी अडकली तरी रातोरात खारं पाणी आत. म्हणून अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला आजोबा कंदील घेऊन उघाडीवर बसायचे. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत झोपायचे. उघाडीच्या तोंडाशी बोक्षी, म्हणजे पिशवीसारखं जाळं, लावलेली असायची, त्यामुळे राखणीची मजुरी कोळंबीत मिळायची, असं आत्या म्हणते. मिरगाचा आणि त्याच्या पुढचा पाऊस जमिनीतला खार धुऊन काढायचा, मग मोड आलेलं बी चिखलात फेकायचं. भात राता. लाल दाणा, खाऱ्या मातीतही तगणारा. त्याच्या भाकरीला तांबूस रंग यायचा आणि दुपारपर्यंत पोटाला आधार राहायचा. आता हौशी दुकानांत लाल तांदूळ छोट्या पिशव्यांत मिळतो. आत्याने एकदा किंमत विचारली आणि पिशवी फळीवर अशी ठेवली की दुकानदारच ओशाळला.

बांधाला खांड पडली की सगळा गाव धावायचा. पेंढा, दगड, फांद्या, जे हाताला लागेल ते. एकदा खारं पाणी शेतात फिरलं की पुढची एक-दोन वर्षं भात नाही.

पुढचं आपल्याकडे पोराटोरांनाही पाठ आहे. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली, ९५ गावांच्या जमिनी नव्या शहराच्या आराखड्यात गेल्या, १९८४ च्या जानेवारीत जमिनींसाठीच्या आंदोलनात गोळीबार होऊन माणसं मेली, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के भूखंडाचा हिशोब सुरू झाला आणि काही घरांत तो अजून चालू आहे. आमच्या घरात तो माझ्या वडिलांनी विकलेल्या भूखंडावर येऊन थांबतो, आणि तिथे आत्या बोलणं बंद करून टीव्हीचा आवाज वाढवते. मला इथे सांगायचंय ते दुसरंच. ज्या जमिनीवर आपलं नाव उरलं नाही तिचा बांध कोण लिंपणार? एक वर्ष घरटी माणूस गेला नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. उघाडीची झडप कुजली. मग कुठल्यातरी उधाणाला खांड पडली आणि या वेळी कोणी हाक मारली नाही, कोणी धावलं नाही. पाणी आलं, गेलं, पुन्हा आलं. आत्या तेव्हा माहेरपणाला आली होती. बांधावर उभी राहून बघितलं म्हणते. भाताचे खुंट पाण्याखाली, आणि त्यांच्यामधून बोय माशांची पिल्लं फिरत होती.

आणि मग तिवरं आली. ती कोणी लावली नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तिवराचं बी झाडावरच रुजतं. हिरवट, चपटं, वालाच्या पावट्याहून थोडं मोठं. पावसाळ्यात ते गळतं, पाण्यात वरची साल सोडतं, आत घडी घातलेली दोन जाड दलं उलगडतात, आणि ते तरंगत निघतं. भरती नेईल तिकडे. जिथे भरती-ओहोटीच्या मधली नेमकी उंची सापडते, म्हणजे पाणी रोज येतं पण रोज निघूनही जातं, तिथे ते चिखलात मूळ धरतं. आमचं शेत नेमकं त्या उंचीचं होतं. बाहेरच्या राखलेल्या पट्टीतूनच बी आलं असणार, आजोबांनी ज्यांना कोयता लावू दिला नाही त्या झाडांचं.

त्या जागी आता पायी जाता येतं ते थोडंसंच, ओहोटीला, चपला हातात घेऊन. चिखल घोट्यापर्यंत गार आणि वर ऊन. पहिल्यांदा नाकाला लागतो तो कुजक्या अंड्याचा वास. चिखलात हवा शिरत नाही, त्याचा तो वास. हवा शिरत नाही म्हणूनच तर झाडं आपली मुळं उलटी वर काढतात. बोटभर, वीतभर उंचीची शेकडो श्वसनमुळं, चालताना पावलागणिक टोचणारी. तिवराचं पान वरून चकचकीत, मागून राखाडी. दुपारच्या वेळी त्याच्यावर मिठाचे बारीक कण दिसतात. झाड खारं पाणी पितं आणि मीठ पानावाटे बाहेर टाकतं. पान जिभेला लावलं तर चक्क खारट. थोडा वेळ न हलता उभं राहिलं की चिखल हलायला लागतो. आधी एकच नांगी मोठी असलेले बारके खेकडे बिळातून बाहेर येतात आणि ती नांगी वर-खाली करत राहतात. मग निवटे. डोळे डोक्याच्या वर, पुढच्या परांवर रेटा देत चिखलावरून चालणारा मासा. दोन निवटे समोरासमोर आले, दोघांनी पाठीवरचे पर उभारले, तोंडं वासली, आणि मग काही न होता दोघे आपापल्या खड्ड्यात गेले. भाऊबंदकी बहुतेक.

खरं सांगायचं तर त्या जागेवर मला दुःख होत नाही. आत्याला होतं का, ते मला अजून नीट कळलेलं नाही. बोटीतून उतरल्यावर तिने विचारलेला पहिला प्रश्न होता, आत चिंबोऱ्या सापडतात का आणि कोण पकडतं.

ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य झालं २०१५ साली. १६९० हेक्टर, त्यातलं ८९६ हेक्टर कांदळवन आणि बाकी पाणी नि चिखल. २०२२ मध्ये खाडी जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली, नांदूर मध्यमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातली तिसरी, ती भोवतालच्या संवेदनशील पट्ट्यासकट साडेसहा हजार हेक्टरांची. त्यात आमची तीन एकरंही कुठेतरी असावीत. त्याआधी २००५ मध्ये उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला मनाई केली होती, २०१८ च्या निकालाने ती पक्की केली आणि झाडांभोवती ५० मीटरची मोकळी पट्टीही सांगितली. हे झालं नसतं तर त्या मुलुंडच्या गृहस्थांना बोटीतून आणखी टॉवर दिसले असते, एवढी साधी गोष्ट आहे. या निकालांबद्दल मला कृतज्ञता आहे. पण त्यातूनच एक विचित्र चित्र तयार झालं: जणू जंगल कायम इथेच होतं आणि कायद्याने ते वाचवलं. मधली शे-दीडशे वर्षं, बांध, राता, कंदील, सगळं गायब. तोडणारे आम्हीच होतो, राखणारेही आम्हीच होतो, आणि शेवटी जंगल परत आलं ते आम्ही खचलो म्हणून. हे कोणत्या फलकावर लिहिणार?

परिसंस्था पुन्हा उभ्या करण्याचं सध्या जगभर मोठं वारं आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दशकच त्याला वाहिलंय. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलला देशांनी ठरवलं की बिघडलेल्या परिसंस्थांपैकी निदान ३० टक्क्यांवर २०३० पर्यंत काम सुरू झालेलं असेल. आकडा चांगला आहे, पण तो खाली झिरपत आपल्यापर्यंत येतो तेव्हा त्याचा रोपं लावण्याचा कार्यक्रम होतो. ५ जूनला एक, २६ जुलैला दुसरा. २६ जुलै आपल्याला २००५ च्या पुरामुळे पाठ आहे. युनेस्कोच्या पंचांगात तो कांदळवन दिन आहे. त्या सुमारास एकसारख्या टी-शर्टांतली मंडळी बसमधून उतरतात, गुडघाभर चिखलात उतरून कांदळाच्या, म्हणजे कांदळवनातल्याच दुसऱ्या एका झाडाच्या, लांब शेंगा खुपसतात, फोटो काढतात, वडापाव खाऊन जातात. मंडळींच्या हेतूबद्दल मला शंका नाही, चिखल त्यांच्या गुडघ्यांनाही लागतोच. पण शेंगा खुपसतात कुठे? मोकळ्या चिखलावर, कारण तिथे कोणाची हरकत नसते. तिवरं तिथे आपणहून का आली नाहीत, हा प्रश्न कोणी विचारत नाही. बी तर रोज तिथूनच वाहत जातं. ती जागा फार खोल असते, पाणी तिथे फार वेळ थांबतं. फिलिपिन्समध्ये वर्षानुवर्षं अशा लागवडी झाल्या आणि २००८ च्या एका अभ्यासात जगलेली रोपं १० ते २० टक्के निघाली. उलट फ्लोरिडात वेस्ट लेक नावाच्या ठिकाणी रॉबिन लुईस या शास्त्रज्ञाने भराव काढला, जमिनीची उंची जुळवली, पाण्याला वाटा करून दिल्या आणि झाडं लावलीच नाहीत. बी आपणहून आलं, शेकडो हेक्टर कांदळवन उभं राहिलं. वाचताना मला आमची खांड आठवली. लुईसने जे मोजमाप करून, यंत्रं लावून केलं ते आमच्याकडे हलगर्जीने झालं.

आणि मोकळा चिखल म्हणजे काही रिकामी जागा नव्हे. बोटीतले सगळे ज्याच्यासाठी उजवीकडे कलले ती गुलाबी रांग उभी होती ती चिखलावर. छोटा फ्लेमिंगो चोच उलटी धरून पाण्यातलं शेवाळ गाळून खातो. चिखल्या, तुतारी असले बारके पाहुणे पक्षी किडे टिपतात. झाडांत त्यांना उतरता येत नाही. खाडी गाळाने उथळ होतेय, उथळ झालेल्या भागावर तिवरं आपणहून पुढे सरकतायत, आणि तेवढा चिखल पक्ष्यांच्या हातून जातोय. म्हणजे तिवरांचं परत येणंही सगळ्यांनाच मानवतं असं नाही. शिवाय फ्लेमिंगो इतक्या मोठ्या संख्येने या खाडीत का येतात याचं एक कारण अभ्यासक सांगतात ते आपलं सांडपाणी, कारण त्याच्यावर शेवाळ पोसलं जातं. त्या गुलाबी रंगात ठाण्याच्या, मुलुंडच्या, ऐरोलीच्या मोऱ्यांचाही वाटा आहे. हे बोटीत सांगावं असं मला वाटलं होतं, पण लोक डबे उघडून बसले होते.

पाण्याची वाट हा सगळा खेळ आहे हे नेरूळने दाखवलं. तिथल्या डीपीएस तलावात खाडीचं पाणी यायच्या वाटा बुजल्या आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तळं कोरडं पडलं. त्याच दिवसांत आसपास मेलेले फ्लेमिंगो सापडायला लागले. मेणबत्त्या, फलक, सह्या, सगळं झालं, आणि २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा द्यायला मंजुरी दिली. चांगलंच झालं. पण दर्जा मिळाला तरी त्या तळ्याला शेवटी हवंय ते भोक. किती उंचीवर, किती रुंद, कोणत्या तिथीला किती पाणी आत घेणारं आणि किती बाहेर सोडणारं, आणि त्याच्या तोंडाशी साचलेला कचरा काढायला कोण बसणार. माझ्या आजोबांना हे काम येत होतं. गावोगावच्या अशा माणसांना येत होतं. जमिनींबरोबर ते कामही गेलं आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर नव्हती, म्हणून त्याचा मोबदला कोणी मागितला नाही, दिला नाही.

गंमत म्हणजे नवी मुंबई स्वतःच एक मोठं खारशेत आहे. शहराचा बराच भाग उधाणाच्या पातळीहून खाली, म्हणून वाशी, सानपाडा, बेलापूर अशा ठिकाणी धारण तलाव केलेत. भरतीच्या वेळी त्यांची झडप मिटते आणि शहराचं पावसाचं पाणी आत थांबतं, ओहोटीला उघडते आणि पाणी खाडीत जातं. लोक याला डच पद्धत म्हणतात. आत्याला हे सांगितलं तेव्हा तिने फक्त "अस्सं?" म्हटलं. तर या तलावांत वर्षानुवर्षं गाळ साठला, गाळावर तिवरं आली, आणि तिवरं आली म्हणून गाळ काढता येईना, कारण तिवराला हात लावायचा तर न्यायालयाची परवानगी लागते. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आला की वाशीत पाणी भरतं. मग वर्तमानपत्रात दोन बाजू: झाडं महत्त्वाची की माणसं. मी बहुतेक वेळा झाडांच्या बाजूची. एकदा सूट दिली की ती सूट कुठवर ताणली जाते हे आपण बघितलंय. पण तळमजल्यावर राहणाऱ्यांसमोर हे बोलताना माझा आवाज जरा खाली येतो.

माझा आतेभाऊ पावसाळ्यात अशाच एका तलावाच्या पंपांवर ठेकेदाराकडे काम करतो. त्याचं स्पष्ट मत, सगळी तिवरं काढून टाका, तळं मोकळं करा. परवा रविवारी कोपरखैरण्याला त्यांच्या घरी जेवायला गेले होते, चिंबोऱ्यांचं कालवण होतं, आणि विषय निघालाच. मी नेहमीचं बोलले, तो नेहमीचं बोलला. मला वाटलं आत्या मुलाची बाजू घेणार, तिचं शेत खाल्लंय ना तिवरांनी. ती नांगी फोडत होती. म्हणाली, सगळी कशाला काढायची? उघाडीच्या तोंडाशी जी पाण्याची नाळ येते तेवढीच दरवर्षी साफ करायची, कडेची राहू द्यायची, नाहीतर कडा ढासळून तोच गाळ परत नाळेत. आम्ही तसंच करायचो. भाऊ म्हणाला, "आये, ते तुमच्या वेळी. आता एक फांदी तोडली तरी केस होते. कोर्टात अर्ज, मग समिती, मग पाहणी." आत्याने नांगीतलं मांस माझ्या ताटात टाकलं.

"मंग कोर्टाला सांग," ती म्हणाली, "मिरगाच्या आदी काय तो निकाल द्या म्हनावं. मिरगानंतर दिला तं पुरल्या वर्साचा काम."